नाव रेणूचं, गोळी पाड्यावरची

खानदेशात सिकलसेलविषयी बोलणं निघालं की दोन सूर ऐकू येतात. एक वर्गातला आणि प्रयोगशाळेतला : आधी रसायन नीट समजून घ्या. दुसरा सातपुड्याच्या पायथ्याचा : रसायन राहू द्या, माणसाकडे बघा. दोन्ही सुरांत तथ्य आहे, पण ते एकमेकांच्या कानावर फारसे पडत नाहीत. म्हणून इथे त्यांना समोरासमोर बसवलं आहे. मामा जळगावात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. भाची धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या पाड्यांवर रक्ततपासणीला जाणारी तंत्रज्ञ. ही दोन माणसं लेखापुरती कल्पिलेली आहेत. त्यांच्या बोलण्यातलं रसायन, इतिहास आणि गोळ्या मात्र खऱ्या आहेत.

भाची : मामा, डीऑक्सिथायमिडिन मोनोफॉस्फेट हे नाव मी बी.एस्सी.ला पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क घेतले. पाड्यांवर जायला लागल्यापासून त्याची गरज एकदाही पडली नाही. लोक विचारतात, ‘त्या रोगनं नाव काय शे?’ मी सांगते, सिकलसेल. मग पुढचे प्रश्न येतात : दुखणं थांबेल का, पोरीचं लग्न जमेल का, धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल का. रेणूचं नाव कुणी विचारत नाही.

मामा : विचारणार नाहीत, हे खरं. पण त्या नावावाचून तुझं काम भागतं, हे मला पटत नाही. तू ज्या आजाराची तपासणी करतेस, तो या रेणूपासूनच सुरू होतो. अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनचा जीन असतो. त्यातल्या विसाव्या अक्षराच्या जागी ‘ए’ हवा, तिथे ‘टी’ बसलेला असतो. ‘ए’ म्हणजे डीऑक्सिअडेनोसिन मोनोफॉस्फेट, रेणुभार ३३१. ‘टी’ म्हणजे तू पाठ केलेलं ते नाव, रेणुभार ३२२. एवढ्याशा बदलानं ‘जीएजी’चं ‘जीटीजी’ होतं आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त एक बदलतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो, पाण्याशी त्याचं जमतं. व्हॅलिनवर भार नसतो, ते पाणी टाळतं. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत अडकतं, रेणूंच्या लांब दोऱ्या तयार होतात, तांबडी पेशी वाकते, ताठरते आणि बारीक रक्तवाहिनीत अडते. पाड्यावरचं पोर रात्रभर हातपाय धरून रडतं, ते यामुळे.

भाची : ते रडणं मी जवळून ऐकलं आहे. सकाळी ट्यूबमध्ये सोडियम डायथायोनाइटचं द्रावण घ्यायचं, त्यात रक्ताचा थेंब टाकायचा, मागे रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर नमुना निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर तो पुढच्या तपासणीला पाठवायचा. या सगळ्यात ‘ए’ आणि ‘टी’ एवढं पुरतं. लांब नावानं समोरच्याचे कान बंद होतात. आजार समजावण्याआधीच मी परकी ठरते.

मामा : नाव तोंडावर फेकू नये, हे मान्य. पण ‘टी’ हे केवळ अक्षर आहे. अक्षर काय बदललं ते सांगतं. ते अक्षर कशाचं बनलं आहे, ते बनायला शरीराला काय लागतं, औषध त्याला कुठे गाठतं, यातलं काहीच अक्षरातून कळत नाही. पूर्ण नाव हे पत्त्यासारखं असतं : घर, गल्ली, गाव, तालुका. सुटं करून वाच.

भाची : करा सुटं.

मामा : शेवटाकडून ये. बेस, साखर आणि फॉस्फेट मिळून एक अक्षर, म्हणजे न्यूक्लिओटाइड, होतं. मोनोफॉस्फेट म्हणजे एक फॉस्फेट गट. तो साखरेच्या पाचव्या कार्बनला जोडलेला असतो, म्हणून नेमकं नाव लिहिताना त्याआधी ‘पाच प्राइम’ लिहितात. बेसच्या वलयातल्या अणूंना १, २, ३ असे आकडे आधीच दिलेले असतात. साखरेचे कार्बन वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांच्या आकड्यांना प्राइमची खूण. पुढचा न्यूक्लिओटाइड जोडला जातो तो तीन प्राइम जागेवरच्या ओएच गटाला. साखळी अशीच वाढते, पाचाकडून तिनाकडे. एचआयव्हीचं १९८७ मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं औषध, झिडोव्हुडिन, आठवतं? ते थायमिडिनच आहे, फक्त तीन प्राइमच्या ओएचच्या जागी ॲझिडो गट बसवलेला. पुढची कडी जोडायला जागाच उरत नाही आणि विषाणूची साखळी तिथेच खुंटते. ते कसं काम करतं हे त्याच्या रासायनिक नावातच लिहिलेलं आहे.

भाची : आणि सुरुवातीचं ‘डीऑक्सि’?

मामा : साखरेतला एक ऑक्सिजन कमी. रायबोजमध्ये दोन प्राइम जागेवर ओएच असतो, डीऑक्सिरायबोजमध्ये तिथे नुसता हायड्रोजन. फीबस लेव्हीन यांनी १९०९ मध्ये रायबोज ओळखली आणि १९२९ मध्ये डीऑक्सिरायबोज. मधली वीस वर्षं त्या एका ऑक्सिजनच्या मागे गेली. तो ओएच जवळच्या बंधावर हल्ला करू शकतो, म्हणून आरएनए अल्कलीत पटकन तुटतो. डीएनएत तो नाही, म्हणून डीएनए टिकतो आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाऊ शकतो.

भाची : राहिलं ‘थायमिडिन’. इथे मला तुमची तक्रार करायची आहे. तुम्ही नावाला पत्ता म्हणता, पण हा पत्ता जागोजागी चुकलेला आहे. अडेनिन हा बेस, त्याला साखर जोडली की अडेनोसिन. ग्वानिनचं ग्वानोसिन. मग ‘ओसिन’ ऐकलं की साखर जोडलेली समजायची. पण सायटोसिन ऐकायला तसंच, तरी तो नुसता बेस. साखर जोडलेल्याचं नाव सायटिडिन. पोरं हमखास इथे मार्क घालवतात. शिवाय थायमिडिन म्हटलं की ‘डीऑक्सि’ न लिहिताही डीऑक्सि समजायचं. कुणी टीएमपी लिहितं, कुणी डीटीएमपी, रेणू तोच. रायबोज जोडलेला असेल तर त्याला वेगळं रायबोथायमिडिन म्हणायचं. सिकलसेलचंच बघा. जुनी पुस्तकं म्हणतात बदल सहाव्या अमिनो आम्लात, नवे अहवाल म्हणतात सातव्यात. जे नाव स्वतःच एका नियमानं चालत नाही, त्याच्यावर मी विश्वास का ठेवावा?

मामा : तुझी तक्रार रास्त आहे. बेसांची नावं रचनेवरून पडलेलीच नाहीत. ती पदार्थ जिथे सापडला तिथून आली. फ्रीडरिश मीशर यांनी १८६९ मध्ये जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवातून, पांढऱ्या पेशींच्या केंद्रकातून, न्यूक्लिन वेगळं केलं. ग्वानिन त्याआधीच समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खतात, ग्वानोत, सापडलं होतं. आल्ब्रेश्ट कोसेल यांनी १८८५ मध्ये बैलाच्या स्वादुपिंडातून अडेनिन मिळवलं. ग्रीकमध्ये ग्रंथीला आडेन म्हणतात, त्यावरून हे नाव. १८९३ मध्ये कोसेल आणि नॉयमान यांना वासराच्या थायमस ग्रंथीतून थायमिन मिळालं. ‘डीऑक्सि’ गाळण्याची सवयही अशीच पडली. थायमिन फक्त डीएनएत असतं असा समज होता, म्हणून वेगळं सांगायची गरज कुणाला वाटली नाही. पुढे ट्रान्सफर आरएनएत रायबोज जोडलेलं थायमिन सापडलं आणि त्याला नवं नाव द्यावं लागलं. सहा आणि सात यांचं तसंच आहे. साखळी बनताना पहिलं मेथिओनिन गळून पडतं. जुनी मोजणी ते सोडून, आताची ते धरून. बदल त्याच एका जागी आहे.

भाची : म्हणजे नाव हा नुसता इतिहास ठरला.

मामा : अर्धं नाव इतिहास, अर्धं माहिती. ‘थायम’ इतिहास आहे. ‘डीऑक्सि’, ‘पाच प्राइम’, ‘मोनो’ ही माहिती आहे. कोणता भाग पाठ करायचा आणि कोणता समजून घ्यायचा, हे आम्ही शिक्षकांनी वेगळं करून सांगायला हवं.

भाची : मग माझ्या पिशवीपर्यंत या. त्या माहितीचा तिथे काय उपयोग?

मामा : तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सिकलसेलच्या रुग्णाला कोणत्या गोळ्या मिळतात?

भाची : फोलिक ॲसिड रोजचं. डॉक्टरांनी ठरवलं तर हायड्रॉक्सियुरिया. दुखण्यासाठी वेगळं.

मामा : पहिल्या दोन्ही गोळ्या तुझ्या त्या लांब नावाच्या आतच काम करतात. आधी फोलिक ॲसिड घे. आरएनएत युरॅसिल असतं, डीएनएत थायमिन. दोघांत फरक एका मिथिल गटाचा, एक कार्बन आणि तीन हायड्रोजन. शरीर डीऑक्सियुरिडिन मोनोफॉस्फेट घेतं, त्यावर हा मिथिल गट बसवतं आणि डीऑक्सिथायमिडिन मोनोफॉस्फेट तयार होतं. तो गट आणून देण्याचं काम या गोळीतून मिळणाऱ्या फोलेटचं. फोलेट कमी पडलं की ‘टी’ कमी पडतो. ‘टी’ कमी पडला की पेशीला डीएनएची प्रत पुरी करता येत नाही आणि तिचं विभाजन रखडतं. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवस. अस्थिमज्जेला सतत नव्या पेशी घडवाव्या लागतात, म्हणून फोलेटचा खर्च वाढतो.

भाची : युरॅसिलवर काम भागत असताना डीएनएनं मिथिलचा हा खटाटोप का केला?

मामा : सायटोसिन आपोआप बिघडून त्याचं युरॅसिल होत राहतं. डीएनएत मुळातच युरॅसिल असतं, तर बिघडलेलं कोणतं आणि मूळचं कोणतं हे दुरुस्त करणाऱ्या एन्झाइमला कळलं नसतं. थायमिनवर मिथिलची खूण आहे, म्हणून युरॅसिल दिसलं की ते काढून टाकता येतं. आणि या फोलिक ॲसिडच्या गोळीची मुळं आपल्या महाराष्ट्रात आहेत. लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईत आली. गिरणगावातल्या कामगार बायकांना गरोदरपणात जिवावर बेतणारा रक्तक्षय व्हायचा. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिला दिसलं की यीस्टच्या अर्कानं या बायका बऱ्या होतात. १९३१ मध्ये तिनं ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं. अर्कात नेमकं काय आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, लोक त्याला ‘विल्स घटक’ म्हणायचे. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या पान या अर्थाच्या शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड नाव मिळालं. पुढे आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं अमेरिकेत ते कृत्रिमरीत्या बनवलं. सायरस फिस्के यांच्याबरोबर १९२५ मध्ये फॉस्फरस मोजण्याची पद्धत काढणारे तेच सुब्बाराव. मोनोफॉस्फेटमधलं फॉस्फेट मोजायला विद्यार्थी आजही ती पद्धत शिकतात.

भाची : हायड्रॉक्सियुरिया कुठे बसते?

मामा : ‘डीऑक्सि’वर. आपलं शरीर आधी रायबोजवाले न्यूक्लिओटाइड बनवतं. रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज नावाचं एन्झाइम त्यांच्यातला दोन प्राइमचा ऑक्सिजन काढतं, तेव्हा डीएनएचा कच्चा माल तयार होतो. हायड्रॉक्सियुरिया या एन्झाइमला रोखते.

भाची : इथे मी अडते, मामा. एक गोळी ‘टी’ बनवायला मदत करते, दुसरी डीएनएचा मालच अडवते. एकाच रुग्णाला दोन्ही द्यायच्या?

मामा : फोलिक ॲसिड तूट भरून काढतं. हायड्रॉक्सियुरिया मोजक्या मात्रेत झपाट्यानं विभागणाऱ्या पेशींना थोडा लगाम घालते. त्यातून मज्जेत गर्भातलं हिमोग्लोबिन बनवणाऱ्या पेशींचं प्रमाण वाढतं. त्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळी नसते, गॅमा असते. ते दोऱ्यांत गुंतत नाही, म्हणून वेदनेचे झटके कमी होतात. या औषधाचे आणखीही परिणाम आहेत, पण सिकलसेलमध्ये मुख्य फायदा हा. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. आता मला सांग, ही गोळी घेणाऱ्याला तुम्ही ठरावीक काळानं रक्ताच्या मोजणीला का बोलावता?

भाची : पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून.

मामा : आणि त्या का कमी होतात? ऑक्सिजन काढण्याची ती पायरी फक्त सिकलच्या पेशींत नसते, विभागणाऱ्या प्रत्येक पेशीत असते. गरोदरपणाच्या बाबतीत डॉक्टर या गोळीबद्दल एवढे सावध असतात, तेही यामुळेच. ‘डीऑक्सि’चा अर्थ ज्याला कळला, त्याला मोजणी चुकवू नका हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

भाची : हे मला पटलं. पाड्यावर मला आणखी एक अडचण येते. फिकट पोर दिसलं की घरचे म्हणतात रक्त कमी आहे, आणि लोहाची गोळी सुरू करतात. सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून, लोहाची तूट असेलच असं नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णात तर लोह आधीच साठलेलं असतं. लोह आणि फोलिक ॲसिडची एकत्र गोळी वेगळी आणि नुसत्या फोलिक ॲसिडची वेगळी, हे सांगताना ‘ही गोळी नव्या पेशी घडवायला लागते’ एवढं वाक्य मी वापरीन. रसायन त्यात आलं, नाव न घेता.

मामा : मला तेच हवं होतं.

भाची : थांबा, माझा मोठा आक्षेप अजून बाकी आहे. तुमचं नाव रेणूला चिकटतं, समाज तेच नाव माणसाला चिकटवतो. वाहक असलेल्या पोरीला ‘सिकलवाली’ म्हणतात. ती आजारी नसते. तिच्या जीनच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली असते, ए-एस : इथे ए म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, एस म्हणजे सिकलचं. दोन्ही बदललेला तो रुग्ण, एस-एस. पण सोयरीक मोडताना हा फरक कोण बघतं? वाहक मुलगा असला तर गोष्ट दडपली जाते, मुलगी असली तर गावभर होते. मग पुढच्या वेळी शिबिराला बायका येतच नाहीत. तुमच्या नेमक्या नावांपेक्षा माझ्या पोरींची अब्रू मला मोठी वाटते.

मामा : अब्रू जाते ती अर्धवट नावामुळे. रेघांच्या कागदावरची चाचणी रुग्ण आणि वाहक दोघांनाही एकाच रांगेत उभं करते. फरक दाखवते ती विद्युत्संचरणाची चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस. ग्लुटामिक आम्ल गेलं की ऋण भार कमी होतो, म्हणून सिकलचं हिमोग्लोबिन धन टोकाकडे हळू सरकतं. वाहकात दोन पट्टे दिसतात, रुग्णात नेहमीच्या हिमोग्लोबिनचा पट्टा दिसत नाही. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये भारातला हाच फरक दाखवला आणि सिकलसेलला रेणूचा आजार म्हटलं. व्हर्नन इनग्राम यांनी पुढे ते एक अमिनो आम्ल नेमकं शोधून काढलं. पहिल्या चाचणीवर कुणालाही ‘सिकल’ म्हणणं म्हणजे पुरावा पुरा व्हायच्या आधी निकाल देणं. ए-एस आणि एस-एस हा भेद नीट उच्चारला गेला, तर तुझ्या वाहक पोरीला बोट दाखवायला जागा उरत नाही.

भाची : उच्चारला गेला तर. तो उच्चारायला कुणीतरी घरात जाऊन बसावं लागतं. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के, पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. ‘प्रत्येक’ हा शब्द नीट सांगितला नाही, तर लोक समजतात पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. आणि हे नवऱ्याला, सासूला, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना सांगावं लागतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७पर्यंत आजार संपवायचा, हे त्याचं लक्ष्य. तपासणीचा आकडा गाठता येईल. तपासणीनंतर निकालाचं कार्ड हातात देताना अर्धा तास कोण बसणार, त्यावर बाकी सगळं ठरेल.

मामा : त्या अर्ध्या तासासाठी माणसं आमच्या वर्गांतून यायला हवीत. चोपडा, यावल, रावेरची पोरं जळगावात शिकतात, शिरपूर-साक्रीची धुळ्यात. त्यातल्या काहींच्या घरातच हा आजार आहे, पावरी आणि भिलीत तो समजावून सांगणारं त्यांच्याइतकं योग्य कुणी नाही. आम्ही मात्र त्यांना न्यूक्लिओटाइडची नावं परदेशातल्या ग्रंथींपासून शिकवायला घेतो.

भाची : मग सुरुवात अहवालापासून करा. नाव झाकलेला एक सिकलसेलचा अहवाल फळ्याशेजारी लावा आणि विचारा, यातला ‘टी’ कशाचा बनला आहे?

इथे दोघांचा वाद थांबतो, आणि निकाल माझ्या मते असा आहे. भाचीचं म्हणणं मोठं आहे : आजार माणसाला होतो, समजावण्याची भाषा त्याचीच हवी. पण त्या भाषेत काय सांगायचं हे मामांच्या रसायनातून येतं. ‘डीऑक्सि’ समजलेली परिचारिका रक्तमोजणीसाठी जास्त ठामपणे बोलावील. मिथिल गट समजलेला रुग्णाच्या घरातला मुलगा फोलिक ॲसिडची गोळी बंद पडू देणार नाही. नाव पाठ असून ज्याला यातलं काहीच सांगता येत नाही, त्याला ते शिकवलं गेलंच नाही असं धरावं.

म्हणून तीन विनंत्या. खानदेशातल्या शिक्षकांनी डीएनएचा धडा आपल्या जिल्ह्यातल्या या आजारापासून सुरू करावा. लग्न ठरवणाऱ्या घरांनी मुलाची आणि मुलीची, दोघांचीही तपासणी आधी करून घ्यावी, आणि पहिल्या चाचणीवर न थांबता इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम खात्रीच्या तपासणीचा अहवाल मागावा. आणि ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनी फोलिक ॲसिड किंवा हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये, लोहाची गोळीही त्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.